अंतर एकच, मग जाताना आठ तास आणि येताना सात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडन ते न्यूयॉर्क हे विमानाचं अंतर एका संकेतस्थळावर ५,५४० दिसतं, दुसऱ्यावर ३,४४२ आणि तिसऱ्यावर २,९९१. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर ५,५४० किमीला सहा तास दहा मिनिटं पुरायला हवीत. तिकिटावर मात्र जाताना जवळपास आठ तास आणि येताना सातच्या आसपास लिहिलेले असतात. मग खरं अंतर कोणतं, हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो का, आणि कुठल्याही दोन शहरांमधला वेळ आपला आपण कसा काढायचा?

मी वीसहून जास्त वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटण्याच्या काही तास आधी मार्ग, उंची आणि इंधन ठरवून ज्या कागदावर वैमानिकाच्या सहीशेजारी आपलीही सही करायची, ते हे काम. इतक्या वर्षांत ‘किती लांब आहे?’ असं मला एकाही वैमानिकानं विचारलेलं आठवत नाही. सगळे विचारतात, ‘आज किती वेळ?’ इंजिन तासाला अमुक इतकं इंधन पितं. विमान जमिनीवरच्या कोणत्या गावावर आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आधी ते तीन आकडे निकालात काढू. तिन्ही बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा साध्या मैलांत म्हणजे १.६०९ किमीच्या, आणि तिसरा सागरी मैलांत म्हणजे १.८५२ किमीच्या. विमानवाहतुकीत सागरी मैलच चालतो आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नुसतं ‘मैल’ लिहिणाऱ्या संकेतस्थळावर तो कुठला मैल, हे तपासल्याशिवाय पुढचं गणित करू नका. चूक थेट पंधरा टक्क्यांची होते.

दोन संकेतस्थळांत वीसपंचवीस किलोमीटरचाच फरक दिसला तर कारण वेगळं असतं. एकजण पृथ्वी अगदी गोल, ६,३७१ किमी त्रिज्येची धरतो, तर दुसरा ध्रुवांकडे थोडी चपटी धरून हिशेब करतो. दोन्ही पद्धतींमधला फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. लंडन–न्यूयॉर्कला तो जास्तीत जास्त २७-२८ किमी होईल, म्हणजे विमानाची दोन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा संकेतस्थळानं अंतर विमानतळापासून मोजलंय की शहराच्या मध्यापासून, ते बघा. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर दूर आहे. एकाच नावाची दोन शहरं हा तर वेगळाच सापळा. कोस्टा रिकातलं सान होसे आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे इंग्रजीत सारखंच लिहितात. विमानतळांचे कोड मात्र एसजेओ आणि एसजेसी असे वेगळे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या सिडनीला उतरल्याचे प्रकार खरोखर घडलेले आहेत. म्हणून अंतर शोधताना शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका.

आता ‘अंतर’ म्हणजे नेमकं काय ते बघू. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ४० अंशांच्या जरासं वर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेषा आडवी, सरळ पश्चिमेकडे जाते. त्या रेषेवरून खरोखर उडत गेलात तर सुमारे ५,९३० किमी भरतात. पण पृथ्वीगोल हातात घेऊन दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, मध्यावर ४६ अंशांच्या पुढे जातो आणि त्याची लांबी भरते सुमारे ५,७६० किमी. ‘वाकडा’ दिसणारा रस्ता १७० किमीने जवळचा निघतो. यालाच ग्रेट सर्कल म्हणतात, आणि संकेतस्थळं जो आकडा देतात तो याच ताणलेल्या दोऱ्याचा. विमान त्यावरून तंतोतंत जाईल असं वचन त्यात कुठेही नसतं. तो फक्त किमान आकडा आहे.

मुख्य गोष्ट यापुढेच आहे. विमान हवेत चालतं, आणि ती हवा स्वतः चालत असते. उड्डाणाच्या कागदावर वरच्या भागात दोन आकडे शेजारी छापलेले असतात: ग्राउंड डिस्टन्स आणि एअर डिस्टन्स. पहिलं जमिनीवरून मोजलेलं अंतर, दुसरं हवेतून कापलेलं. नवीन माणूस पहिला आकडा बघतो, मुरलेला दुसरा. एक उदाहरण आकड्यांनिशी करून बघा. मार्ग ३,१०० सागरी मैलांचा, हवेतला वेग ४८० नॉट, आणि सरासरी ७० नॉटचा हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा. जमिनीच्या मानानं वेग उरला ४१०. वेळ लागला सात तास चौतीस मिनिटं. तेवढ्या वेळात विमानानं ४८०च्या वेगानं हवा कापली, म्हणजे एअर डिस्टन्स झालं सुमारे ३,६३०. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ५५०, वेळ पाच तास अडतीस मिनिटं आणि एअर डिस्टन्स २,७०५. नकाशावर शहरं जागची हलली नाहीत, पण विमानासाठी न्यूयॉर्क जाताना ३,६३० मैलांवर होतं आणि लंडन येताना २,७०५ मैलांवर.

यातच आणखी एक गंमत दडलेली आहे. वारा जाताना जेवढा वेळ खातो तेवढा येताना परत देत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून बारा तास पंचावन्न मिनिटं लागली असती. वर धरलेल्या वाऱ्यात तेरा तास बारा मिनिटं लागली. कारण साधं आहे: समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि पाठच्या वाऱ्यात कमी. वारा हा शेवटी तोट्याचाच व्यवहार.

एवढा वारा येतो कुठून? नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. शंभर नॉट तिथे नेहमीचेच, हिवाळ्यात कधीकधी दोनशेच्याही वर जातात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो भाषेत छापला, आणि नेमकं त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या मानानं त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किमीच्या वर होता. तरी त्यानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नाही, कारण सभोवतालच्या हवेच्या मानानं ते नेहमीच्याच चालीनं चाललं होतं.

हे वारे रोज जागा बदलतात. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्यानं आखले जातात. युरोपकडून निघणाऱ्यांचे वेगळे, अमेरिकेकडून परतणाऱ्यांचे वेगळे. एका हिवाळी रात्री संगणकानं मला पश्चिमेकडे जाण्यासाठी दोन पर्याय दिले. पहिला दोऱ्यासारखा सरळ. दुसरा इतका उत्तरेला फुगलेला, की त्याला दोनशेहून जास्त किलोमीटर जादा पडत होते; पण पट्ट्याच्या बाहेरून जाणारा, म्हणून चौदा मिनिटांनी आधी पोहोचवणारा. मी दुसरा दिला. तरुण सहवैमानिकानं नकाशा बघून विचारलं, ‘मॅडम, हा आजचाच आहे ना?’ कॅप्टननं मान वर न करताच इंधनाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे पहिल्या मार्गापेक्षा कमी आकडा होता. पुढे कुणी काही विचारलं नाही.

याहून मोठं आणि सगळ्यांना तपासता येण्यासारखं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंदाजे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पॅसिफिकचा रस्ता धरला. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून दोन तास आधी. ‘विमानाचं अंतर किती’ या प्रश्नावर मी सरळ आकडा का सांगत नाही, ते यावरून कळेल.

पृथ्वी फिरण्याबद्दल. जमीन विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किमी वेगानं पूर्वेकडे फिरते. विमान हवेत गेल्यावर जमीन त्याच्याखालून सरकत असती, तर पश्चिमेकडे जायला इंजिनाची गरजच उरली नसती. नुसतं वर जाऊन थांबायचं आणि गाव खाली आलं की उतरायचं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. तरी तुमचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि जेट स्ट्रीम पूर्वेकडेच का वाहते याचं कारण यात आहे. म्हणजे पृथ्वीचं फिरणं विमानाला थेट मदत करत नाही, ते वाऱ्याकरवी करतं. पडताळा हवा असेल तर उत्तर–दक्षिण मार्ग बघा. लंडन–जोहान्सबर्ग हा प्रवास दोन्ही बाजूंनी अकरा तासांच्या आसपासचाच.

वाऱ्याखेरीज मार्ग लांबवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्यातल्या तीन मोठ्या सांगते. एक, राजकारण. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हे साडेनऊ तासांच्या आसपासचं उड्डाण तेरा तासांवर गेलं, काही वेळा उत्तर ध्रुवावरून. अंतर मोजणारी संकेतस्थळं मात्र आजही तोच ७,८०० किमीच्या आसपासचा आकडा दाखवतात, कारण दोऱ्याला सरहद्द कळत नाही. दोन, डोंगर. तिबेटच्या पठारावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यायचं असतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. म्हणून बहुतेक मार्ग त्या भागाला वळसा घालतात. तीन, दोन इंजिनांच्या विमानाचा नियम. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ मार्गावर हवाच. सिडनी–सँटियागोचा दोरा अंटार्क्टिकाच्या दिशेला खोल दक्षिणेत उतरतो आणि तिथे उतरायला काही नाही.

जवळच्या शहरांचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि तिथे ९०० किमीचा वेग विसरायचा. ३५,००० फुटांवरून उतरायला विमान साधारण दोनशे किलोमीटर आधी सुरुवात करतं: दर हजार फुटांना तीन सागरी मैल, हा जुना ठोकताळा. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर जातं. शिवाय १०,००० फुटांच्या खाली बहुतेक देशांत २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किमीची मर्यादा असते. सिडनी–मेलबर्न सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यात पूर्ण वेगानं जायला तीनेकशे किलोमीटर मिळतात, म्हणजे वीस मिनिटं. बाकी सगळी चढउतार. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हे उड्डाण २.७ किलोमीटरचं आहे, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथे सरासरी वेग काढायला बसू नका.

तिकिटावरची वेळ हे आणखी निराळं प्रकरण. ती हवेतली वेळ नसते. चाकाखालचे चॉक्स, म्हणजे विमान हलू नये म्हणून लावलेले अडसर, काढल्यापासून दुसऱ्या टोकाला गेटवर चॉक्स लावेपर्यंतचा काळ, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात पुशबॅक, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलणं येतं, धावपट्टीपर्यंतची रांग येते आणि उतरल्यावर गेटपर्यंत जमिनीवरून चालत जाणंही. आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर एक फेरा चारेक मिनिटांचा. हे सगळं रोज सारखं नसतं, म्हणून कंपनी गेल्या हंगामातल्या नोंदी बघून थोडी उशी ठेवते. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे एकाच उड्डाणाचा छापील वेळ उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा दिसू शकतो. विमान पंचवीस मिनिटं आधी उतरलं की प्रवासी खूश होतात. मग गेट रिकामं नाही म्हणून वीस मिनिटं तिथेच उभे राहतात.

घड्याळांची वजाबाकी करून वेळ काढणाऱ्यांसाठी एक सूचना: दोन्ही वेळा आधी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, मगच वजा करा. टोकियोहून १० जानेवारीला संध्याकाळी पाचला निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाला पोहोचतं, निघण्याच्या सात तास ‘आधी’. टोकियोचे पाच म्हणजे यूटीसीचे सकाळचे आठ. अधिक दहा, संध्याकाळचे सहा. उणे आठ, सकाळचे दहा. असं केलं की गोंधळ राहत नाही. लंडन–न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचा फरक असतो, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. सर्वात नमुनेदार जोडी सामोआ आणि अमेरिकन सामोआची. अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, घड्याळात तोच तास, पण तारीख एका दिवसानं वेगळी, कारण २०११च्या अखेरीस सामोआनं ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि ते वाररेषेच्या पलीकडे गेलं. पाऊण तासाच्या आत आपण कालच्या दिवसात उतरतो.

आता घरबसल्या अंदाज. ग्रेट सर्कलचं अंतर किलोमीटरमध्ये घ्या, १४ने भागा, आलेली संख्या मिनिटांची. त्यात ४० मिळवा. सिडनी–मेलबर्न ७०५ किमी: पन्नास अधिक चाळीस, दीड तास; छापील वेळ साधारण एक तास पस्तीस मिनिटं. सिंगापूर–न्यूयॉर्क सुमारे १५,३५० किमी: अठरा तास छप्पन्न मिनिटं, प्रत्यक्षातही पावणेएकोणीसच्या आसपास. लंडन–न्यूयॉर्कला सव्वासात तास येतात, म्हणजे तुमच्या आठ आणि सातच्या मधला आकडा. मार्ग मध्य अक्षांशांत पूर्व–पश्चिम असेल तर भागाकारातल्या मिनिटांना पश्चिमेकडे जाताना दहा टक्के जोडा, पूर्वेकडे येताना दहा टक्के वजा करा. मोठ्या गर्दीच्या विमानतळांना आणखी दहा-पंधरा मिनिटं द्या. एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमान असेल तर १४ऐवजी ८ने भागा. मार्गात बंद आकाश असेल तर हा ठोकताळा सोडून द्या, तिथे तो चालत नाही.

तिकीट घेताना ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ एकच समजू नका. डायरेक्ट म्हणजे फक्त उड्डाणाचा क्रमांक बदलत नाही एवढंच. मध्ये एखाद्या शहरात तासभर थांबू शकतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर माझ्या ठोकताळ्यावर आणि तिकिटावरच्या वेळेवरही विसंबू नका. उड्डाणाचा क्रमांक विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि गेल्या दहा-बारा दिवसांत ते गेटवर खरोखर किती वाजता लागलं ते बघा. सरासरी काढायची गरज नाही. त्यातला सर्वात उशिराचा दिवस धरून पुढचं विमान निवडा.